दिवाण-ए-खासचे छत

आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे आम्ही मुलांना इतिहास शिकविला. परंतु ज्या दिल्लीचे नाव घेताना फळ्यापुढे आमचा आवाज आपोआप चढत असे, ती दिल्ली पाहण्याचा योग सेवानिवृत्तीनंतरच आला. गेल्या हिवाळ्यात चिरंजीवांच्या कुटुंबासमवेत आम्ही लाल किल्ला पाहिला. तेथील एक गोष्ट मनास लागून राहिली आहे. ती ज्ञातिबांधव व भगिनींपुढे ठेवीत आहोत.

चांदणी चौकातील गर्दीचे वर्णन काय करावे! भुयारी रेल्वेतून वर येताच सायकलरिक्षा, विजेवरच्या रिक्षा, हातगाड्या आणि फेरीवाले यांनी आम्हांस घेरले. "रस्ता ओलांडणे हेच पानिपत," असे आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. लाहोरी दरवाजातून आत शिरल्यावर छत्ता चौकाचा बाजार लागतो; बादशाही काळातही येथे बाजारच होता. नगारखाना मागे पडला, की शहराचा कोलाहल एकाएकी थांबतो.

शहाजहानने १६३९ साली हे काम आरंभिले व १६४८ साली तो येथे राहावयास आला. परंतु आज जे दिसते ते मूळच्या राजवाड्याचे अवशेष होत. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी आतील बहुतेक इमारती पाडून तेथे सैनिकांच्या बराकी उभारल्या. त्या बराकी पाहून संताप आला, हे कबूल करतो.

दिवाण-ए-खासपाशी आलो. पांढरा संगमरवर, त्यात रंगीत दगडांची वेलबुट्टी. येथील मयूरासन नादिरशहाने १७३९ साली लुटून नेले, ते आम्ही नातवास मोठ्या आवेशाने सांगितले. तो वर पाहत होता.

"आजोबा, सगळे संगमरवरी, मग छत लाकडाचे का?"

आम्ही क्षणभर गप्प झालो. उत्तर आम्हांस ठाऊक होते. १७६० च्या ऑगस्टात सदाशिवराव भाऊंनी दिल्ली घेतली. फौज अफाट, बरोबर बुणगे आणि यात्रेकरू, उत्तरेतील वसुली थंडावलेली. अशा अडचणीत भाऊंनी या दालनाचे चांदीचे छत उतरविले आणि त्याची नाणी पाडली. सुमारे नऊ लाख रुपये झाले. ते महिनाभराच्या खर्चासही जेमतेम पुरले. सूरजमल जाट पुढे मराठ्यांची साथ सोडून गेला, त्याच्या नाराजीच्या कारणांत या छताचाही उल्लेख येतो. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर काय झाले, ते सर्वश्रुत आहे.

वर्गात नादिरशहाची लूट आम्ही अर्धा तास शिकवीत असू. छताविषयी मात्र एकच वाक्य असे : "भाऊंनी द्रव्याची तजवीज केली." मुलांनी ते वहीत उतरून घेतले आणि आम्ही पुढे गेलो. तजवीज! उपाशी फौजेच्या सेनापतीस दोष देण्याचा आमचा अधिकार नाही. पण दुसऱ्याने नेले ती लूट आणि आपण नेले ती तजवीज, हे मास्तराच्या तोंडी शोभण्यासारखे नव्हते.

नातवास सारे सांगितले. त्याच दमात हेही सांगितले, की १७८८ साली गुलाम कादिराने याच किल्ल्यात वृद्ध शहाआलमचे डोळे काढले, तेव्हा महादजी शिंद्यांच्या फौजेने येऊन बादशहाची सुटका केली, त्यास पुन्हा गादीवर बसविले आणि त्या दुष्टास पकडून देहदंड दिला. १८०३ मध्ये इंग्रजांनी दिल्ली जिंकीपर्यंत शिंद्यांचाच अंमल येथे चालला. नातवाची मान अद्याप वरच होती.

"मग महादजींनी छत परत बसविले का?"

"नाही," आम्ही म्हणालो.

एवढ्यात पहारेकऱ्याने शिट्टी वाजविली. किल्ला बंद होण्याची वेळ झाली होती.