स्टेपनीच्या जागी दिवा

गाडी घेऊन नऊ दिवस झाले होते आणि डॅशबोर्डवर एक पिवळं चिन्ह पेटलं. घोड्याच्या नालेसारखा आकार, तोंड वर उघडं, मधे उद्गारचिन्ह. आई म्हणाली, कढईत काहीतरी करपतंय असं दिसतंय. मॅन्युअल उघडून बघितलं. टायरमधली हवा कमी झाल्याची सूचना.

सर्व्हिसवाल्यांना फोन लावला. पलीकडचा मुलगा चांगला बोलला. "नवीन गाडीत होतं सर असं. सेटिंगमध्ये जा, रिसेट मारा, जाईल." मारला. गेला. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. एरर गेली की तिकीट बंद करायचं, ही सवय इतकी मुरलेली की खाली उतरून टायरला हात लावावा हेही सुचलं नाही.

पुढच्या शनिवारी आई-बाबांना घेऊन कोल्हापूरला निघालो. सकाळचे सहा. हातखंबा मागे टाकला, पाली यायची होती, आणि कढई परत पेटली. मी फोनवर रिसेटचा पर्याय शोधायला लागलो. बाबा म्हणाले, "थांबव."

बाबांनी एकतीस वर्षं एसटी चालवली. डेपोतून गाडी काढण्याआधी हातात टॉमी घेऊन एक फेरी मारायची आणि प्रत्येक टायरवर ठोका द्यायचा. मागच्या जोडचाकातलं आतलं चाक बाहेरून दिसत नाही, त्यामुळे ते कानानेच ओळखावं लागतं. भरलेला टायर टणटणीत वाजतो, उतरलेला भद्द. आता टॉमी नव्हता म्हणून त्यांनी लाथ मारली. मागचं डावं. मला ते इतर तिघांसारखंच दिसत होतं, कारण रेडियल टायर भरलेला असला तरी खाली थोडा फुगीरच असतो. गेज लावला. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर ३३ पीएसआय छापलं होतं. गेज दाखवत होता २१.

"स्टेपनी काढ," बाबा म्हणाले.

डिकीतली चटई उचलली. जिथे चाक असायला हवं तिथे थर्माकोलचा साचा, त्यात एक छोटा कॉम्प्रेसर आणि पांढऱ्या द्रवाची बाटली. बाबांनी ती बाटली हातात घेऊन उलटसुलट बघितली. पुढे आंबा घाट होता. मग त्यांनी विचारलं, "हे कोणी ठरवलं?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी बराच मागे गेलो.

सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नव्हतंच. चाक सहज काढता येत नसे, त्यामुळे पंक्चर झालं की रस्त्याकडेला बसून टायर सोडवायचा, ट्यूब जोडायची, पुन्हा चढवायचा आणि हाताने हवा भरायची. तेव्हाच्या रस्त्यांवर घोडागाड्या जास्त, म्हणजे नालांचे खिळेही जास्त. १९०४ मध्ये वेल्समधल्या लानेल्ली गावच्या थॉमस मॉरिस डेव्हिस या माणसाने एक तोडगा काढला. आरे नसलेली नुसती रिम, तिच्यावर हवा भरलेला टायर. पंक्चर झालेलं चाक काढायचं नाही, त्यालाच ही रिम बाजूने क्लॅम्पने आवळायची आणि निघायचं. त्याचं दुकान होतं स्टेपनी स्ट्रीटवर, म्हणून नाव पडलं स्टेपनी स्पेअर व्हील. पुढे आख्खं चाक बदलता येऊ लागलं आणि ही वस्तू संपली, शब्द मात्र राहिला. ब्रिटनमध्ये आज तो फारसा कोणी वापरत नाही. ब्राझीलमध्ये त्याचा 'एस्तेपे' झाला. आपल्याकडे मारुती मंदिरच्या नाक्यावर कोणत्याही रिक्षावाल्याला विचारा, एका छोट्या वेल्श गावातल्या रस्त्याचं नाव तो रोज घेतो.

स्टेपनीची कहाणी अशी सोपी आहे: पंक्चर होणारच, म्हणून एक चाक जवळ ठेवा. दिव्याची कहाणी वेगळी आहे, आणि तिच्यात माणसं मेलेली आहेत.

टायरमधली हवा मोजून ड्रायव्हरला सांगणारी यंत्रणा १९८६ च्या पोर्शे ९५९ मध्ये होती. पण ती महागड्या गाडीतली चैन होती. ती साध्या गाडीत आली अमेरिकेतल्या एका प्रकरणामुळे. फोर्डची एक्स्प्लोरर ही १९९० च्या दशकात तिथली अतिशय खपाची एसयूव्ही, टायर फायरस्टोनचे. जोरात चालत्या गाडीत टायरचा वरचा पट्टा आतल्या स्टीलच्या थरापासून सुटायचा, गाडी कलायची आणि उलटायची. फेब्रुवारी २००० मध्ये ह्यूस्टनच्या केएचओयू या टीव्ही वाहिनीने हे दाखवलं आणि मग तक्रारींचा पूर आला. ९ ऑगस्ट २००० रोजी फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. सरकारी नोंदींत या टायरांशी जोडले गेलेले मृत्यू एकट्या अमेरिकेत २५० च्या वर गेले.

यातली एक गोष्ट वाचून मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ गच्चीवर गेलो. बहुतेक अपघात टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना अशा गरम राज्यांतले होते. आणि त्याआधी १९९९ मध्ये सौदी अरेबियात आणि मे २००० मध्ये व्हेनेझुएलात फोर्डने हेच टायर बदलून द्यायला सुरुवात केली होती. म्हणजे गरम देशांत दुखणं आधी दिसलं होतं, पण परदेशातली अशी मोहीम अमेरिकी सरकारला कळवण्याची सक्ती तेव्हा नव्हती.

उन्हाचा आणि हवेचा संबंध सरळ आहे. हवा कमी असेल तर फिरताना टायर जास्त दबतो आणि प्रत्येक फेरीला बाजू वाकते, सरळ होते. एखादी तार पुन्हा पुन्हा वाकवली की बोटांना चटका बसतो, तसंच हे. वर रस्ता तापलेला, गाडी भरलेली, वेग जास्त. रबर आणि स्टील जिथे चिकटवलेलं असतं तिथे ही उष्णता साचते.

मग हवा किती असायला हवी होती? फोर्डने गाडीवर छापलं होतं २६ पीएसआय. फायरस्टोनचं म्हणणं पडलं, ३० हवं. फोर्ड म्हणे, २६ ने प्रवास मऊ होतो. पण गाडी बाजारात येण्याआधीच्या चाचण्यांत ती वळणावर डळमळीत वाटत होती आणि हवा कमी ठेवणं हा त्यावरच्या उपायांपैकी एक होता, हे पुढे कंपनीच्याच कागदपत्रांतून बाहेर आलं. निलंबन नव्याने बसवण्यापेक्षा स्टिकरवरचा आकडा बदलणं स्वस्त. (इथे निलंबन म्हणजे सस्पेन्शन. शाळेत हा शब्द वाचून मला वाटायचं गाडीला नोकरीवरून काढलं.) फोर्डने टायरला दोष दिला, फायरस्टोनने गाडीला. फायरस्टोनच्या बाजूलाही धुतल्या तांदळासारखं काही नव्हतं. खराब टायरांपैकी बरेच डीकेटर, इलिनॉय इथल्या कारखान्यातले होते, जिथे १९९४ ते ९६ मोठा संप चालला होता. ॲलन क्रूगर आणि अलेक्झांडर मास या अर्थतज्ज्ञांनी २००४ मध्ये दाखवलं की कामगारांकडून सवलती मागितल्या गेल्या तेव्हा, आणि बदली कामगार व परतलेले संपकरी शेजारी शेजारी काम करत होते तेव्हा, तिथे बनलेले टायर जास्त फुटले. दोन्ही कंपन्यांचं नातं जवळपास ९५ वर्षांचं. फोर्डचे तेव्हाचे अध्यक्ष हेन्री फोर्ड आणि हार्वी फायरस्टोन या दोघांचेही पणतू होते. मे २००१ मध्ये तेही नातं तुटलं.

१ नोव्हेंबर २००० रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ट्रेड ॲक्टवर सही केली. परदेशातल्या मोहिमा कळवणं सक्तीचं झालं आणि टायरमधली हवा बरीच कमी झाली की ड्रायव्हरला इशारा देणारी यंत्रणा गाडीत असावी असंही ठरलं. पण कोणती यंत्रणा?

दोन प्रकार होते. एक थेट: प्रत्येक चाकात सेन्सर, तो हवा मोजतो आणि रेडिओने गाडीला कळवतो. दुसरा आडवळणाचा: हवा मोजायचीच नाही. एबीएस ब्रेकसाठी प्रत्येक चाकाचा वेग मोजणारे सेन्सर असतातच. हवा कमी झालेल्या चाकाची त्रिज्या किंचित घटते, म्हणून तेवढंच अंतर कापायला ते किंचित जास्त फिरतं. चार चाकांत एखादं जास्त फिरतंय का, एवढंच सॉफ्टवेअरने बघायचं. नवा सुटा भाग नाही, खर्च जवळपास नाही. यातली खोच अशी की चारही टायर सारखेच उतरले तर अशा साध्या यंत्रणेला काही कळत नाही. तरी २००२ मध्ये व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने हरकत घेतल्यावर रस्ता सुरक्षा खात्याने एकच टायर ओळखणारी स्वस्त यंत्रणाही चालेल असा नियम काढला. पब्लिक सिटिझन ही ग्राहक संघटना कोर्टात गेली आणि ऑगस्ट २००३ मध्ये कोर्टाने तो नियम रद्द केला. अखेर २००५ मध्ये ठरलं: एक असो की चारही, स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा हवा २५ टक्के खाली गेली की २० मिनिटांत दिवा लागलाच पाहिजे. सप्टेंबर २००७ पासून तिथली प्रत्येक नवी हलकी गाडी या नियमात आली. युरोपात २०१४ पर्यंत तसंच झालं.

हा नियम मी दोनदा वाचला आणि फोनवर गुणाकार केला. दिवा मोजतो तो स्टिकरच्या तुलनेत. एक्स्प्लोररचा स्टिकर २६ चा. २६ चे ७५ टक्के म्हणजे १९.५. ज्या २६ वर एवढं रामायण झालं, त्या २६ वर हा दिवा गप्पच बसला असता. ज्या वादातून हा दिवा जन्मला, त्या वादातल्या मूळ आकड्याला तो काही विचारत नाही.

आता भारत. आपल्याकडे हा दिवा कुठल्या अपघातानंतर आला नाही. २० जुलै २०२० रोजी रस्ते वाहतूक मंत्रालयाने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली, १ ऑक्टोबरपासून लागू. साडेतीन टनांपर्यंतच्या ज्या प्रवासी गाड्यांत ट्यूबलेस टायर, हवेचा इशारा देणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल, त्यांना स्टेपनी ठेवायची गरज नाही. कारण दिलं गेलं जागेचं: डिकी मोठी होईल, विजेच्या गाडीत मोठी बॅटरी बसवता येईल. दिवा सर्व गाड्यांना सक्तीचा झालाच नाही. तिथे तो मेलेल्या माणसांमुळे आला, इथे चाक काढून घ्यायची परवानगी म्हणून. बाबांच्या प्रश्नाचं कागदोपत्री उत्तर हे.

मला हा नियम मूर्खपणाचा वाटत नाही. शहरात, दर दोन किलोमीटरला पंक्चरवाला असताना, वर्षानुवर्षं एक जड चाक वाहण्यात अर्थ नाही. पण त्या बाटलीतला द्रव खिळ्याएवढं भोक बुजवतो. रस्त्याच्या कामातल्या खडीने टायरची बाजू चिरली तर त्याचा उपयोग नाही, आणि साखरपा ते आंबा या पट्ट्यात सकाळी सहाला उभं राहून हा नियम वाचला तर तो वेगळा दिसतो.

माझ्या गाडीतली यंत्रणा आडवळणाची निघाली. तिला ३३ हा आकडा ठाऊकच नाही. रिसेट मारला की त्यानंतरच्या काही किलोमीटरमध्ये चाकं जशी फिरतात ते ती 'बरोबर' म्हणून शिकते. पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा त्या टायरमध्ये अंदाजे २६ असणार. मी न मोजता रिसेट मारला, म्हणजे तिला सांगितलं की हेच बरोबर. तिने मुकाट्याने ऐकलं आणि त्या २६ पासून पुन्हा पाचवा हिस्सा हवा जाईपर्यंत, २१ पर्यंत, गप्प राहिली. पालीजवळ मी दुसऱ्यांदा तेच करायला निघालो होतो, मागच्या सीटवर आई असताना. फोर्डच्या कागदपत्रांवर मी जो काही चडफडाट केला, तो हे लक्षात आल्यावर जरा उतरला.

त्या दिवशी कॉम्प्रेसरने ३३ भरून हळूहळू पालीतल्या पंक्चरवाल्याकडे गेलो. त्याने चाक काढून पाण्याच्या टबात फिरवलं. एक बुडबुडा नाही. खिळा नाही, चीर नाही. मग त्याने व्हॉल्व्हचं टोपण काढलं, बोटाने थुंकी लावली आणि थांबला. थुंकीचा बुडबुडा सावकाश फुगला, फुटला, परत फुगला. आतली पिन नीट बसली नव्हती. बाबा मला म्हणाले, "बघ, सेन्सर." हा व्हॉल्व्ह ऑगस्ट श्रेडर या न्यूयॉर्कमधल्या जर्मन कारागिराच्या दुकानातला, पेटंट १८९३ चं, म्हणजे स्टेपनीहूनही जुना. सायकलपासून विमानापर्यंत आजही तोच. पिन बदलायला दोन मिनिटं लागली.

चारही चाकांत हवा मोजून ३३ केली, आणि मगच रिसेट मारला.

कोल्हापूरला दोन तास उशिरा पोचलो. परत आल्यावर बाबांनी कुवारबावच्या टायरवाल्याकडे जुन्या रिमची चौकशी केली, टायरसकट काय पडेल वगैरे. डिकीत ती बसते, पण मग आईच्या आंब्याच्या पेट्या बसत नाहीत. तो वाद अजून चालू आहे. तोवर बाबांनी जुना टॉमी ड्रायव्हरच्या सीटखाली आणून ठेवलाय.