मायकोव्हस्काया : जमिनीखालचे आकाश

मॉस्कोच्या भुयारी रेल्वेचे मायकोव्हस्काया स्थानक ११ सप्टेंबर १९३८ रोजी प्रवाशांना खुले झाले. १९३० साली आत्महत्या केलेल्या कवी मायकोव्हस्कीचे नाव एका रेल्वेस्थानकाला मिळावे, याचे आम्हां साहित्यप्रेमींना अप्रूप वाटते; पण या वास्तूची कीर्ती त्या नावापेक्षा तिच्या खांबांवर अधिक उभी आहे.

जमिनीखाली ३३ मीटरांवर मातीचा भार तोलायचा, तर मधले दालन आणि फलाट यांच्यामध्ये भिंतीसारखे जाडजूड स्तंभ ठेवणे हीच तोवरची रीत होती. त्यामुळे दालनाला तळघराची कळा येई. वास्तुकार अलेक्सेई दुश्किन यांनी हा भार पोलादी खांब व तुळयांच्या सांगाड्यावर घेतला आणि खांब असे सडपातळ ठेवले की दालन व दोन्ही फलाट एका दृष्टिक्षेपात यावेत. एवढ्या खोलीवरचे या धर्तीचे हे जगातील पहिले स्थानक मानले जाते. कमानींवरील पन्हाळीदार स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या तर वायुनौका बांधणाऱ्या कारखान्यात घडवल्या गेल्या!

छतातील लंबवर्तुळाकार घुमटांत अलेक्सांद्र देइनेका यांची मोझेक चित्रे आहेत. आज त्यांपैकी ३४ पाहावयास मिळतात. सोव्हिएत भूमीचा एक अहोरात्र, ही त्यांमागील कल्पना. मान वर केली की विमाने दिसतात, हवाई छत्रीने उतरणारी माणसे दिसतात, आणि सर्वांमागे आकाश. काचेचे तुकडे जुळवून ही चित्रे प्रत्यक्षात आणली ती लेनिनग्राडच्या व्लादिमीर फ्रोलोव्ह यांनी. पुढे त्या शहराला वेढा पडला, तेव्हाही ते मॉस्कोच्या दुसऱ्या एका स्थानकासाठी असेच तुकडे जुळवीत राहिले आणि १९४२ मध्ये तेथेच निधन पावले.

देइनेकांचे आकाश प्रसन्न आहे. मात्र ही चित्रे तयार होत होती त्याच काळात, वर शहरात, अपरात्री दारे ठोठावून माणसे नेली जात होती. एकाही घुमटात त्याची सावली नाही. हे आठवले की आमचे कौतुक अडखळते. तरी त्याचा दोष दुश्किन यांच्या खांबांना द्यावा, हेही मनाला पटत नाही.

१९४१ मध्ये जर्मन फौजा मॉस्कोनजीक आल्या. क्रांतीच्या वर्धापनदिनाची सभा ६ नोव्हेंबरला याच दालनात भरली. स्टालिनचे भाषण झाले, तेव्हा एका फलाटाशी गाडी उभी होती. हवाई हल्ल्यांच्या रात्री बायकापोरे येथे आश्रयाला येत. ती खाली निजत, आणि वर देइनेकांची विमाने उडत असत.