डिजिटल ड्रॉइंग करताना रेषा थरथरते? ग्राफिक्स टॅबलेटवर गुळगुळीत रेषा कशी काढायची, जाणून घ्या

कागदावर सहज गोल काढणारा माणूस हौसेने ग्राफिक्स टॅबलेट विकत घेतो. पहिल्याच दिवशी साधी रेषा ओढतो आणि स्क्रीनवर उमटते ती थरथरती, अडखळत गेलेली रेषा. मग वाटतं, टॅबलेट खराब आहे किंवा आपल्याला हे जमणारच नाही. बहुतेक वेळा यातलं काहीच खरं नसतं. रेषा वाकडी येण्याची कारणं ठरलेली आहेत आणि प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा आहे. म्हणून आणखी महागडा टॅबलेट घेण्याआधी आपली अडचण नेमकी कुठे आहे ते ओळखायला हवं.

कागदावर जमतं, मग टॅबलेटवर का नाही?

टॅबलेट पेनची जागा आणि पेनवरचा दाब सतत मोजत असतो. मॉडेलनुसार हे मोजमाप सेकंदाला साधारण १३० ते ३०० वेळा होतं. मिळालेले हे बिंदू जोडून ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर रेषा तयार करतं. हाताची बारीकशी थरथरही या बिंदूंमध्ये जशीच्या तशी नोंदली जाते.

कागद खरखरीत असतो, तो पेन्सिलला थोडा अडवतो. त्या अडवण्यामुळे हात स्थिर राहतो. टॅबलेटचा पृष्ठभाग त्या मानाने निसरडा असतो. शिवाय स्क्रीन नसलेल्या टॅबलेटवर हात खाली टेबलावर आणि नजर समोर मॉनिटरवर असते. मेंदूला याची सवय व्हायला वेळ लागतो.

तिसरं कारण मापाचं आहे. लहान टॅबलेटची काम करणारी जागा साधारण १५ सेंटीमीटर रुंद असते. २२ इंची मॉनिटर जवळपास ४८ सेंटीमीटर रुंद असतो. म्हणजे तुमचा हात १ सेंटीमीटर हलला की कर्सर ३ सेंटीमीटरहून जास्त हलतो. हाताची थरथरही तितक्याच पटीने मोठी होऊन दिसते.

आधी कारण शोधा: पाच सोप्या चाचण्या

चाचणी करताना ॲपमधली स्मूदिंग किंवा स्टॅबिलायझरची सेटिंग शून्यावर ठेवा.

१. पट्टीची चाचणी: टॅबलेटवर प्लास्टिकची पट्टी ठेवून हळूहळू एक तिरकी रेषा ओढा. रेषा सरळ आली तर टॅबलेट ठीक आहे, थरथर हाताची आहे. पट्टी लावूनही रेषा लाटांसारखी आली तर दोष यंत्रणेत आहे. अशा वेळी मोबाइल, चार्जर, स्पीकर टॅबलेटपासून दूर ठेवा, यूएसबी पोर्ट बदलून पाहा आणि ड्रायव्हर अपडेट करा. आधी दुसऱ्या कंपनीचा टॅबलेट वापरला असेल तर त्याचा जुना ड्रायव्हर काढून टाका.

२. एकाच जाडीचा ब्रश: दाबानुसार जाडी बदलणारा ब्रश सोडून ठरावीक जाडीच्या ब्रशने रेषा काढा. आता रेषा नीट दिसली, तर हाताची दिशा बरोबर आहे आणि दाब कमीजास्त होतोय. ड्रायव्हरमधला दाबाचा आलेख म्हणजे प्रेशर कर्व्ह बदलून हे सुधारता येतं.

३. झाकणाची चाचणी: प्लास्टिकच्या डबीचं गोल झाकण टॅबलेटवर ठेवून त्याच्या कडेने पेन फिरवा. स्क्रीनवर अंड्यासारखा आकार आला तर टॅबलेट आणि स्क्रीन यांच्या लांबी-रुंदीचं प्रमाण जुळत नाही. ड्रायव्हरमध्ये टॅबलेटच्या वापराच्या जागेचा पर्याय असतो, तिथे हे प्रमाण जुळवून घ्या. वॅकॉमच्या ड्रायव्हरमध्ये यासाठी ‘फोर्स प्रपोर्शन्स’ हा पर्याय आहे.

४. वेगाने गोल काढा: गोलाऐवजी कोपरे असलेला आकार आला तर बिंदू कमी पोहोचत आहेत. वायरलेस जोडणी असेल तर केबल लावून पाहा. कॅनव्हास फार मोठा किंवा ब्रश फार जड असेल तर तो बदला.

५. पेन टेकवून थांबा: विंडोजमध्ये पेनभोवती गोल कडं दिसत असेल आणि रेषा उशिरा सुरू होत असेल, तर ‘प्रेस अँड होल्ड’ म्हणजे दाबून धरल्यावर राइट क्लिक होण्याची सोय चालू आहे. ती बंद करा.

स्टॅबिलायझर नेमकं काय करतो?

जवळपास प्रत्येक ड्रॉइंग ॲपमध्ये स्टॅबिलायझर, स्मूदिंग किंवा स्ट्रीमलाइन नावाची सोय असते. तिचं साधं रूप म्हणजे सरासरी. ॲप पेनच्या ताज्या बिंदूवर थेट रेषा न काढता मागच्या काही बिंदूंची सरासरी काढतं आणि तिथे रेषा नेतं. एक बिंदू थोडा डावीकडे गेला, पुढचा उजवीकडे, तर सरासरीत दोन्ही चुका एकमेकींना खोडून टाकतात.

या सोयीची किंमतही मोजावी लागते. समजा टॅबलेट सेकंदाला २०० बिंदू पाठवतो आणि ॲप शेवटच्या १० बिंदूंची सरासरी घेतं. मग रेषा पेनच्या सुमारे २० ते २५ मिलिसेकंद मागे राहते. हे फारसं जाणवत नाही. पण ६० बिंदूंची सरासरी घेतली तर रेषा जवळपास १५० मिलिसेकंद मागे पडते आणि पेन रबराने बांधल्यासारखा वाटतो.

दुसरं नुकसान कोपऱ्यांचं. सरासरीला थरथर आणि मुद्दाम काढलेला कोपरा यांतला फरक कळत नाही. सेटिंग जितकी जास्त, तितके टोकदार कोपरे गोलसर होतात. म्हणून ती एकदम शंभरावर नेऊ नका. शून्यापासून थोडी थोडी वाढवा आणि रेषा पुरेशी नीट वाटली की थांबा.

कोणत्या ॲपमध्ये कुठे मिळेल?

- क्रिटा (मोफत): ब्रश निवडल्यावर ‘टूल ऑप्शन्स’मध्ये बेसिक, वेटेड आणि स्टॅबिलायझर असे प्रकार दिसतात. रोजच्या स्केचिंगला बेसिक पुरतो. शेवटच्या स्वच्छ रेषांसाठी स्टॅबिलायझर वापरा.
- फोटोशॉप: ब्रश निवडल्यावर वरच्या पट्टीत ‘स्मूदिंग’ ० ते १०० टक्के असतं. शेजारच्या गिअरच्या चिन्हात ‘पुल्ड स्ट्रिंग मोड’ मिळतो. त्यात दोरी ताणली गेल्याशिवाय रेषा पुढे सरकत नाही.
- क्लिप स्टुडिओ पेंट: ‘टूल प्रॉपर्टी’मध्ये ‘स्टॅबिलायझेशन’ ० ते १०० असतं. व्हेक्टर लेयरवर काढलेली रेषा नंतरही ओढून नीट करता येते.
- पेंट टूल साई: स्टॅबिलायझर ० ते १५ आणि त्यापुढे एस-१ ते एस-७ असा असतो.
- प्रोक्रिएट (आयपॅड): ब्रशच्या सेटिंगमध्ये स्ट्रीमलाइन, स्टॅबिलायझेशन आणि मोशन फिल्टरिंग हे पर्याय आहेत.

कॅनव्हासचा आकार आणि झूम

इन्स्टाग्रामची उभी पोस्ट १०८० × १३५० पिक्सेलची करतात म्हणून अनेक जण त्याच मापात चित्र काढतात. इतक्या कमी पिक्सेलमध्ये तिरक्या रेषेच्या पायऱ्या दिसू लागतात. चित्र दुप्पट मापात, म्हणजे २१६० × २७०० मध्ये काढा आणि शेवटी लहान करा. बारीक चुका लहान होताना झाकल्या जातात. चित्र छापायचं असेल तर ए-४ साठी ३०० डीपीआयला २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात.

झूमही महत्त्वाचा आहे. २५ टक्के झूमवर हाताची तीच थरथर कॅनव्हासवर १०० टक्क्यांच्या तुलनेत चौपट अंतर व्यापते. पण फार जवळ जाऊनही काढू नका, कारण मग लांब रेषा तुकड्यांत काढावी लागते. जी रेषा काढायची आहे ती पूर्ण स्क्रीनवर दिसेल इतपत झूम ठेवा.

हाताला लावायच्या चांगल्या सवयी

- लहान रेषांना बोटं आणि मनगट पुरतं. लांब रेषा कोपर आणि खांद्यातून ओढा. मनगट टेकवलेलं असलं की ते एका बिंदूभोवती फिरतं, त्यामुळे लांब रेषा आपोआप वाकते.
- रेषा फार हळू काढू नका. हळू रेषेत थरथर जास्त दिसते. आधी पेन हवेत दोन-तीनदा त्याच मार्गाने फिरवा, मग न थांबता रेषा ओढा.
- नजर पेनच्या टोकावर न ठेवता रेषा जिथे संपणार त्या जागी ठेवा.
- कॅनव्हास फिरवा. प्रत्येकाच्या हाताला एक दिशा सोपी असते. क्रिटात ४ आणि ६ या आकड्यांनी कॅनव्हास फिरतो, ५ ने सरळ होतो. फोटोशॉपमध्ये ‘आर’ दाबून फिरवता येतो.
- रेषा चुकली तर त्यावर दुरुस्त्या करत बसू नका. कंट्रोल + झेड दाबा आणि पूर्ण रेषा पुन्हा काढा.
- घामाने तळवा चिकटत असेल तर दोन बोटांचा हातमोजा घाला. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत याचा चांगला उपयोग होतो.
- निब झिजून तिरकी झाली असेल तर बदला. धारदार निब टॅबलेटवर ओरखडे पाडते.

मनगट किंवा अंगठा दुखू लागला तर सराव थांबवा. पेन घट्ट आवळून धरल्याने रेषा सुधारत नाही, हात मात्र लवकर थकतो.

देवनागरी सुलेखन करताना

सुविचार, नावं, सणांच्या शुभेच्छा अशा पोस्टसाठी टॅबलेटवर अक्षरं काढणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ‘ळ’, ‘ल’, ‘क’ यांच्या गोलाईला स्टॅबिलायझरचा फायदा होतो. पण काना शिरोरेषेला मिळतो तो कोपरा जास्त सेटिंगमध्ये बोथट होतो. त्यामुळे वळणदार भाग सेटिंग वाढवून काढा, कोपऱ्यांसाठी ती कमी करा किंवा तिथे पेन उचलून नवी रेषा सुरू करा. शिरोरेषा वेगळ्या लेयरवर सरळ रेषेच्या टूलने काढली तर नंतर वरखाली करता येते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

स्टॅबिलायझर वापरणं म्हणजे फसवणूक आहे का?
नाही. तो पट्टी किंवा कंपाससारखं साधन आहे. मात्र रोज दहा मिनिटं तो बंद ठेवून सराव केला तर हातही सुधारतो.

दाबाच्या ८१९२ पातळ्या असलेला टॅबलेट घेतला तर रेषा गुळगुळीत येईल का?
दाबाच्या पातळ्यांचा संबंध रेषेच्या जाडीशी आहे, दिशेशी नाही. ४०९६ पातळ्यांच्या टॅबलेटवरही उत्तम रेषा येते.

स्क्रीन असलेला टॅबलेट घ्यावा का?
त्यावर नजर आणि हात एकाच जागी राहतात, त्यामुळे सवय लवकर होते. पण थरथरणारा हात तिथेही थरथरतोच. पट्टीच्या चाचणीत तुमचा सध्याचा टॅबलेट पास झाला असेल, तर आधी सेटिंग आणि सराव यांना काही आठवडे द्या. पैसे खर्च करायचे की नाही, ते त्यानंतर ठरवा.