गोठवलेल्या रक्ताची साक्ष

जठरातल्या जिवाणूवर दोन आठवडे गोळ्या खाल्ल्या. तीन महिन्यांनी हौसेने पुन्हा रक्त तपासून घेतले, तर कागदावर पुन्हा 'पॉझिटिव्ह'. हेलिकोबॅक्टर पायलोरीविरुद्धची प्रतिपिंडे तशीच होती. डॉक्टर म्हणाले, "जंतू गेला असेल, पण रक्त इतक्यात विसरत नाही." त्या वाक्यामुळे मी या चाचणीच्या इतिहासाकडे वळलो.

चाचणी साधी आहे. प्लास्टिकच्या वाटीला जंतूची प्रथिने चिकटवलेली असतात. त्यात रुग्णाचे सीरम टाकतात. प्रतिपिंडे असली तर ती तिथे घट्ट धरून राहतात आणि पुढच्या रसायनाने रंग उमटतो. रंग सांगतो ते इतकेच, की या देहाची त्या जंतूशी गाठ पडली होती. ती आज की दहा वर्षांपूर्वी, हे तो सांगत नाही.

पर्थ येथे रॉबिन वॉरन यांना 1979 साली जठराच्या तुकड्यांत वाकडे जिवाणू दिसले. 1982 मध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे बशा जास्त दिवस उबवणीत राहिल्या, म्हणून ते प्रथमच वाढले. वॉरन आणि बॅरी मार्शल यांना 2005 चे नोबेल मिळाले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. मला अधिक मोलाची वाटते ती शीतपेटीतली कथा.

हा जंतू कर्करोगाआधी येतो की मागून? रुग्णाला आज तपासून उत्तर मिळेना, कारण झिजलेल्या जठरातून जंतू स्वतःच नाहीसा होतो. मात्र हवाईच्या ओआहू बेटावरील 5,908 जपानी वंशाच्या पुरुषांचे रक्त 1967 ते 1970 दरम्यान घेऊन ठेवलेले होते. तेव्हा या जंतूला नावही नव्हते. 1989 पर्यंत त्यांतील 109 जणांना जठराचा कर्करोग झाला. अब्राहम नोमुरा आणि सहकाऱ्यांनी ते जुने सीरम वितळवले. रुग्णांपैकी 94 टक्क्यांत प्रतिपिंडे होती, तुलनेसाठी घेतलेल्यांत 76 टक्क्यांत. कॅलिफोर्नियात ज्युली पार्सोनेट यांनी 1960 च्या दशकातले रक्त असेच तपासले. तिथेही रुग्ण 109 च, हा योगायोग. प्रमाण 84 आणि 61 टक्के. दोन्ही निबंध 1991 मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात आले. 1994 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या जंतूला कर्करोगकारक ठरवले.

त्यातला 76 चा आकडा मी पुन्हा पुन्हा वाचला. कर्करोग न झालेल्यांतही चारांपैकी तिघे पॉझिटिव्ह! डॉक्टरला अडचणीचे ठरणारे रक्ताचे हे न विसरणेच संशोधकाच्या कामी आले.

माझा कागद बाजूला ठेवून डॉक्टरांनी श्वासाची तपासणी लिहून दिली. खूण केलेला युरिया प्यायचा. जंतू जिवंत असेल तर तो युरिया फोडतो आणि खुणेचा कार्बन श्वासात उतरतो. ती निगेटिव्ह आली. प्रतिपिंडे अजून असतीलच.