यादीची साक्ष



दफ्तर हा शब्द आपल्या कानांना परका नाही. पेशवे दफ्तरातील कागद रुमालांत बांधलेले. रुमाल सोडल्यावाचून आत काय आहे हे कळावे कसे, ही दफ्तरदाराची कायमची विवंचना. आज घरोघरच्या संगणकात फोल्डर असतात. तेही रुमालच, फक्त त्यांची गाठ दिसत नाही. या अदृश्य रुमालांतील फाइलींची साधी, वाचता येईल अशी यादी करण्याची सोय कशी निर्माण झाली, एवढाच आजचा विषय.

१९६१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची पद्धत दाखविली. तिचे नाव सीटीएसएस. तोवर माणसाचे काम म्हणजे भोके पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा. तो हातात धरता येई, मोजता येई. आता तेच काम यंत्राच्या पोटात राहू लागले. जे डोळ्यांआड गेले त्याचा भरवसा कसा धरावा? म्हणून या पद्धतीत 'लिस्टएफ' ही आज्ञा आली. ती दिली की टंकयंत्रासारख्या उपकरणावर आपल्या फाइलींची नावे छापून येत. नाव दोन भागांचे, प्रत्येक भाग फार तर सहा अक्षरांचा. म्हणजे संगणकातील ही यादी पहिल्यापासून कागदावरच उतरत होती.

पुढे १९६५ मध्ये डेली आणि न्यूमन यांनी मल्टिक्स या नव्या प्रणालीसाठी फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर, अशी झाडासारखी रचना मांडली. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सला आरंभ केला. ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेच्या तिच्या पहिल्या माहितीपुस्तकात 'एलएस' ही दोन अक्षरी आज्ञा आहे. तिच्यापुढे '>' ही खूण व एखादे नाव लिहिले की यादी समोर न उमटता त्या नावाच्या फाइलीत जाऊन बसते. घरगुती संगणकांवरील डॉस प्रणालीत 'डीआयआर' ही आज्ञा १९८१ पासून होती. परंतु फोल्डरांचे झाड आणि ती खूण या दोन्ही गोष्टी १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत आल्या.

ही खूण क्षुल्लक वाटेल. आम्हांला ती फार महत्त्वाची वाटते. पडद्यावरची यादी क्षणापुरती असते. फाइलीत उतरलेली यादी दुसरीकडे ठेवता येते, छापता येते, मागच्या वर्षीच्या यादीशी ताडून पाहता येते. आमच्याकडील छायाचित्रांची एक डिस्क एकाएकी बंद पडली. चित्रे गेली ती गेलीच. परंतु वर्षापूर्वी केलेली यादी कागदावर होती, म्हणून काय गेले ते तरी कळले, आणि नावे घेऊन नातलगांकडे मागता आले. पुष्कळशी चित्रे परत मिळाली. यादी नसती तर आपण काय गमावले याचाही पत्ता लागला नसता.

मात्र यादीवर आंधळा विश्वास नको. युनिक्समध्ये प्रत्येक फोल्डरात त्याची स्वतःची व त्याच्या वरच्या फोल्डराची नोंद एक टिंब व दोन टिंबे अशी असे. त्या यादीत दिसू नयेत म्हणून टिंबाने सुरू होणारे प्रत्येक नाव वगळण्याची सोपी युक्ती योजली गेली. त्यामुळे तशा नावाच्या इतर सर्व फाइलीही यादीतून नाहीशा झाल्या, असे रॉब पाइक यांनी पुढे सांगितले आहे. लपलेल्या फाइलींची प्रथा अशी अनवधानाने पडली. तेव्हा यादी वाचताना तिने काय वगळले, हेही विचारावे.

आणखी एक मौज. ज्या फोल्डराची यादी करावयाची, त्याच फोल्डरात ती लिहिली, तर त्या यादीत तिचे स्वतःचेही नाव येते. कारण यंत्र आधी कोरी फाइल उघडते आणि मग मोजणी करते. दफ्तराची यादी दफ्तरातच ठेवली तर तीही दफ्तरातली एक वस्तू होते आणि दफ्तराबरोबर जळते. म्हणून आमची विनंती एवढीच : यादी करा, तिच्यावर तारीख घाला आणि ती घराबाहेर कोणा विश्वासू माणसापाशी ठेवा.