रेवसच्या वाटेवरील जलसमाधी

दर्याकाठच्या गावांत होडी लोटण्यापूर्वी देवापुढे नारळ वाढवतात, तो उगाच नव्हे. भाऊच्या धक्क्यावरून रेवस म्हणजे बोटीने दीड तासाची वाट. अंतर थोडे, परंतु वाटेत काशाचा खडक आणि त्यात पावसाळ्यातला दर्या. दक्षिणेस खांदेरीवर इ. स. १८६७ साली दीपगृह उभे राहिले. त्याच बेटावर वेताळाचे ठाणे असून कोळी बांधव त्याला मानतात.

११ नोव्हेंबर १९२७ रोजी 'तुकाराम' व 'जयंती' या दोन आगबोटी वादळात एकाच दिवशी बुडाल्या. तरी लोकांच्या काळजात कायमचे रुतले ते 'रामदास'चे नाव.

१७ जुलै १९४७, गटारीची अमावास्या. सणासाठी घरी निघालेली माणसे सकाळीच बोटीत चढली. पाऊस आत येऊ नये म्हणून बाजूंना ताडपत्र्या बांधलेल्या होत्या. काशाच्या खडकाजवळ प्रचंड लाट आदळून बोट कलली. घाबरलेले उतारू एकाच अंगाला धावले आणि बोट त्या अंगावर उलटली. ताडपत्र्यांमुळे पुष्कळांना बाहेरच पडता आले नाही. सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य अवघे एकोणतीस दिवसांवर आले होते! बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबईस वार्ता कळेपर्यंत दुपार झाली.

त्या सकाळी रेवसचे कोळी मासळी घेऊन मुंबईस निघाले होते. पाण्यात माणसे दिसताच त्यांनी दिवसाची सारी कमाई दर्यात लोटली आणि रिकाम्या होड्यांत हाती लागतील तेवढे जीव ओढून घेतले.