चुलीपासून शिट्टीपर्यंत : गृहिणीच्या मताचा इतिहास

राजेमहाराजांचे, लढायांचे आणि तहांचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले आहेत. स्वयंपाकघराचा इतिहास लिहावा असे मात्र फारसे कोणाच्या मनात आलेले दिसत नाही. वास्तविक गेल्या शंभर वर्षांत आपल्या ओट्यावर जेवढी स्थित्यंतरे झाली, तेवढी क्वचितच दुसरीकडे झाली असतील. आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे असा भगिनींचा आग्रह झाला, तेव्हा हाच विषय घ्यावा असे ठरविले. त्यातही मला सांगावयाचे आहे ते वस्तूंविषयी कमी आणि त्या वस्तूंविषयी बायकांचे मत काय होते व त्या मताला किंमत कशी येत गेली, याविषयी अधिक.

प्रारंभ घरच्याच गोष्टीने करते. माझे बालपण गिरगावातल्या एका चाळीत गेले. मी आठ-नऊ वर्षांची असताना अण्णांनी नवा स्टोव्ह आणला. पितळेची झगझगीत टाकी, तीन पायांची तिवई. आईने तो दोन दिवस वापरला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अहो, याच्या झाकणातून रॉकेल पाझरतंय. परत देऊन या."

अण्णा हसून म्हणाले, "अगं, नवीन वस्तू आहे. तुला सवय नाही म्हणून तसं वाटतंय."

दुकानदारानेही तेच सांगितले. पाचव्या दिवशी शेजारच्या काकू आमच्याकडे दूध तापवीत असताना झाकणापाशी भडका उडाला आणि त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. काकू वाचल्या, परंतु पुढे त्या हाताने त्यांना कधी धड पोळी लाटता आली नाही. आईचे मत पहिल्याच दिवसापासून बरोबर होते. ते ऐकून घेणारे मात्र कोणी नव्हते. आजच्या लेखाचे मूळ त्या पाझरणाऱ्या झाकणात आहे.

स्टोव्हची मूळ कथा दूर देशीची आहे. स्वीडनमधील स्टॉकहोम येथे फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट या गृहस्थाने १८९२ साली बिनकाजळीचा रॉकेलचा स्टोव्ह तयार केला. तोच प्रायमस. त्याची युक्ती साधी होती. पंपाने टाकीत हवा भरावयाची. त्या दाबाने रॉकेल वर चढते, तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते आणि बारीक छिद्रातून ती बाहेर पडून निळी ज्योत लागते. छिद्र बुजले की पिन मारावयाची, वायसर सुकला की बदलावयाचा, आणि विझविताना चावी सैल करून हवा सोडावयाची. हे सारे शास्त्र आपल्या आया-आज्यांनी कोणत्याही शाळेत न जाता आत्मसात केले होते. चुलीच्या धुराने डोळे चुरचुरणाऱ्या आणि शेगडीचे कोळसे फुंकणाऱ्या बाईला तो स्टोव्ह म्हणजे वरदान वाटला, यात नवल नाही.

त्यानंतर कुकर आले. आपल्या देशात पहिला मान इकमिक कुकरला द्यावयास हवा. कलकत्त्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० च्या सुमारास तो बनविला. खाली कोळसे, वर एकावर एक डबे. वाफेवर वरण, भात, भाजी एकदम तयार. एकट्या राहणाऱ्या नोकरदारांना आणि प्रवाशांना तो फार सोयीचा होता. पुढे १९५९ साली प्रेस्टिज व हॉकिन्स हे दोन्ही प्रेशर कुकर भारतात तयार होऊ लागले आणि घरोघरी शिट्टी ऐकू येऊ लागली. उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांवर उकळते. कुकरात दाबामुळे ते सुमारे एकशे वीस अंशांपर्यंत तापते, म्हणून तूरडाळ तासाऐवजी पंधरा-वीस मिनिटांत शिजते. जिला सकाळी नऊची लोकल पकडावयाची होती, तिच्या दृष्टीने ही पाऊण तासाची बचत म्हणजे केवळ सोय नव्हती. तिची नोकरी त्यावर टिकून होती.

गॅसही याच काळातला. मुंबईत १९५५ च्या सुमारास बर्मा-शेलचा 'बर्शेन' गॅस मिळू लागला, आणि १९६५ साली इंडियन ऑईलचा इंडेन आला. परंतु जोडणीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. लग्नात मुलीला गॅसची जोडणी मिळाली तर ती दागिन्यासारखी मिरवीत. दूरध्वनीचीही तीच तऱ्हा. तेथे ग्राहक हा ग्राहक नव्हताच, तो अर्जदार होता.

मिक्सरची कथा तर खास बायकांच्या मताचीच आहे. परदेशी मिक्सर फळांचा रस काढण्यासाठी केलेले. इडलीचे भिजलेले तांदूळ, उडदाची डाळ, ओले खोबरे वाटावयास घेतले की ते जळून जात. सत्यप्रकाश माथुर या अभियंत्यांच्या पत्नी माधुरीताई यांचा जर्मन बनावटीचा मिक्सर असाच बंद पडला आणि त्याची दुरुस्ती येथे होईना. त्यातूनच माथुरांनी भारतीय वाटणाला पुरे पडेल अशी जोरकस मोटर बसवून १९६३ साली 'सुमीत' मिक्सर तयार केला. एका गृहिणीची तक्रार घरातच ऐकली गेली आणि पाटा-वरवंट्याला पर्याय मिळाला! सर्वांच्या तक्रारी अशा ऐकल्या गेल्या असत्या तर?

येथे थोडे आपल्या विरुद्धही बोलले पाहिजे. आपली सारीच मते बरोबर होती असे नाही. गिरणीच्या पिठाला जात्याची चव नाही, गॅसवरच्या जेवणाने पोटात वायू होतो, कुकरात अन्नाचा कस निघून जातो, अशी मते आपण ठासून मांडीत होतो. चवीचे राहू द्या. परंतु गॅसच्या ज्योतीने पोट बिघडत नाही, आणि झाकण लावून, थोड्या पाण्यात व थोड्या वेळात शिजलेल्या अन्नाचा कस भाताची पेज ओतून टाकण्यापेक्षा चांगलाच टिकतो. मताला अनुभवाबरोबर परीक्षेचीही जोड हवी. नळावर, जिन्यात आणि हळदीकुंकवाला "ती कंपनी घेऊ नकोस गं" एवढे आपण एकमेकींना सांगत असू. त्याने शेजारीण सावध होई. बनविणाऱ्याला त्याची झळ लागत नसे.

ही उणीव भरून काढणारे पाऊल मुंबईतच पडले. १९६६ साली नऊ स्त्रियांनी एकत्र येऊन 'कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था स्थापन केली. त्यांत एक होत्या डॉ. कमला सोहोनी. दुर्गाबाई भागवतांच्या या भगिनी. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला, तेव्हा त्या मागे हटल्या नाहीत. प्रवेश मिळविला आणि पुढे १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट घेतली. इतक्या विदुषीने पुढे भेसळीकडे आणि ग्राहकांच्या सुरक्षिततेकडे लक्ष द्यावे, संस्थेच्या 'कीमत' या पत्रिकेत त्यावर लेख लिहावेत, यातच या कार्याचे महत्त्व आहे. या संस्थेने वस्तूंची रीतसर चाचणी घेण्यास प्रारंभ केला. जिन्यातले मत प्रयोगशाळेत गेले, ते असे.

पुढे १९७२ साली महागाईविरुद्ध मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्यासारख्या नेत्यांबरोबर मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम उभे केले आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. शेजारपाजारच्या कुटुंबांचे गट करून महिन्याचे सामान एकत्र घ्यावयाचे, ही तिची रीत. त्या गटांत हिशेब ठेवणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. या साऱ्या खटपटीनंतर २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायदा झाला. सदोष वस्तू आणि सेवेतील त्रुटी यांविरुद्ध साध्या गृहिणीला वकील न लावताही दाद मागता येऊ लागली.

याच वर्षांतली एक काळी बाजूही सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' ही बातमी आपण सर्वांनी वाचली आहे. काही स्टोव्ह खरोखरच सदोष होते; परंतु कित्येकदा स्टोव्हचे नाव पुढे करून हुंड्यासाठी केलेले पाप झाकले जाई. स्त्रियांच्या संघटनांनी हे उघडे पाडले, तेव्हा १९८३ साली सासरच्या छळाविरुद्ध आणि १९८६ साली हुंडाबळीविरुद्ध कायद्यात नवी कलमे आली. वस्तूचा दोष कोणता आणि माणसाचा दोष कोणता, हे निवडून सांगणाराच कोणी नसेल, तर दोन्ही दोष मोकळे सुटतात. म्हणून म्हणते, गृहिणीचे मत ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

आज स्टोव्ह बहुतेक घरांतून गेला आहे. भ्रमणध्वनी, धुलाईयंत्र, इंटरनेटचे कनेक्शन आणि घरपोच मालाचे दिवस आहेत. दुकानदाराचे तोंडही दिसत नाही. मात्र "तुम्हांला वापरता येत नसेल" हे वाक्य जसेच्या तसे आहे. फरक इतकाच, की आज आपल्या हाती साधने आहेत. २०१९ चा नवा कायदा २०२० पासून लागू झाला. त्यानुसार आपण जेथे राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. ती कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यही मिळते. कुकर घेताना आय. एस. आय. चिन्ह पाहावे, २०२० च्या सरकारी आदेशाने घरगुती प्रेशर कुकरला ते सक्तीचे केले आहे.

परंतु कायदा पुराव्यावर चालतो. माझ्या आईजवळ अनुभव होता, पावती नव्हती. म्हणून भगिनींनो, आपल्या मंडळात एक साधी वही ठेवावी असे मी सुचविते. वस्तू कोणती, केव्हा घेतली, काय बिघडले, दुरुस्तीला कोण आले, किती पैसे घेतले आणि काम टिकले का, हे तीत प्रत्येकीने लिहावे. चांगला अनुभवही लिहावा. प्रामाणिक कारागिराला त्याचे श्रेय मिळाले पाहिजे. पावती वहीला टाचून ठेवावी. ऐकीव गोष्ट लिहू नये.

काकू आता नाहीत. त्यांच्या हातावरचे ते व्रण मला अजून आठवतात. पुढे त्यांच्या घरी गॅस आला, तेव्हा शेगडी बसविणाऱ्या माणसाला त्यांनी चार वेळा साबणाचे पाणी लावून नळी तपासावयास लावली. तो कंटाळून म्हणाला, "बाई, एवढं कशाला?"

काकू म्हणाल्या, "वापरणार मी आहे. मला पटलं म्हणजे मग जा."

आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहावयास मला याहून चांगले वाक्य सुचत नाही.